खण आधी

त्रिस्तान नार्वाहाच्या रविवारच्या बाजारात
मला मिळाला नुसता खण.
कपाट नाही, टेबल नाही. खण.
ग्रामोफोनच्या पोचलेल्या कर्ण्याशेजारी
घोंगडीवर उताणा, तोंड वासून पडलेला.

"बाकीचं कुठंय?" मी विचारलं.
विकणारा पोरगा भोपळ्याच्या भांड्यातला कडू चहा ओढत म्हणाला,
"जळलं असेल, बाई. नाहीतर पळालं असेल.
दोनशे पेसो."
दीडशेवर आणला.
नुसती पितळी मूठच तेवढ्याची होती.

बसमध्ये एका म्हाताऱ्यानं मान उंचावून आत पाहिलं,
मी एवढं जपून काय नेतेय म्हणून.
काही नव्हतं.
तो जरा खट्टू झाला.

वाटणीत सोफा दार्दोला गेला होता, खिडकी मला.
फरशीवर सोफ्याच्या पायांचे चार खळगे राहिले,
त्यांत केर साठायचा आणि मी तो काढत नसे.
नंतर हळूहळू एकेक आलं:
तीन निळे सोडासायफन, एकात अजून थोडा फुसकारा शिल्लक;
एक रेडिओ, ज्याच्या तबकडीवरची अर्धी शहरं पुसलीयत;
एक खुर्ची, जिची बैठक मीच विणली,
आणि जिच्यावर बसणारा डावीकडं कलतो.
आलेल्याला मी आधीच सांगून ठेवते.

खण पालथा केला तेव्हा तळाशी पेन्सिलीचं अक्षर दिसलं:
"डावा, वरचा."
म्हणजे उजवाही होता कधीतरी. खालचेही.
मी बराच वेळ ती दोन अक्षरं, म्हणजे ते दोन शब्द,
बोटानं नुसते चाचपत राहिले.

तळमजल्यावरच्या एर्मेनेहिल्दोनं
चाळीस वर्षं होड्या बांधल्या.
खण पाहून हसला तो.
"नाल सापडली म्हणून घोडं घ्यायला निघालीस तू."
पण दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन वर आला,
आणि गुण्या, आणि सरसाचा डबा,
आणि लाकडाला दम द्यायचा नाही, त्याचं ऐकायचं, हा उपदेश,
जो त्यानं स्वतः दहा मिनिटांत मोडला.

फळ्या आणल्या पाडलेल्या तबेल्याच्या. निलगिरीच्या.
धुतल्या, घासल्या, उन्हात उभ्या केल्या,
तरी ओल आली की अजून वास येतो.
एका फळीच्या कडेला दातांचे व्रण होते.
कुठल्या घोड्यानं कुठल्या हिवाळ्यात
कंटाळून कुरतडलेली कड.
एर्मेनेहिल्दो म्हणाला, ही मागं लाव, भिंतीकडं.
मी दर्शनी लावली.
नालेला घोडं मिळालं, म्हटलं.
तो काही बोलला नाही; ढलप्या गोळा करून
शेगडीसाठी खाली घेऊन गेला.

कपाट झालं. जरा वाकडं,
पण एका पायाखाली सोफ्याचा खळगा आला
आणि आपोआप सरळ झालं.
डावीकडं, वरती, खण.
बाकीच्या तीन जागा मी मोकळ्या ठेवल्यात.
एकीत मांजर असतं.
दुसरीतून सकाळी ऊन आरपार जातं आणि भिंतीवर चौकोन पडतो.
तिसरीसाठी दर रविवारी बाजार धुंडाळते,
सापडू नये असंही थोडं वाटतं.

जुलैत दार्दो आला कसल्या कागदावर सही मागायला.
डावीकडं कललेल्या खुर्चीबद्दल मी त्याला सांगितलं नाही.
बाहेर दक्षिणेचा वारा,
नदी समुद्रासारखी राखाडी आणि पलीकडचा काठ नाही.
पेन शोधायला त्यानं पितळी मूठ धरली,
ओढली. पुन्हा ओढली.
"कुलूप लावलंयस?"
नाही, म्हटलं. हवा.
पाऊस गेला की उघडेल.

पेन माझ्या केसांत होतं.